तर्कदोष पकडायचा तर ‘जिथे जिथे’चं वाक्य लिहा

तर्कदोषांच्या, म्हणजे युक्तिवादातल्या चुकांच्या, याद्यांना तोटा नाही. ॲरिस्टॉटलने १३ प्रकार सांगितले, त्यांतले ६ भाषेमुळे होणारे आणि ७ इतर कारणांनी होणारे. न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, ५ हेत्वाभास (फसवी कारणं) आहेत, ३ छल (शब्दांचा विपर्यास) आहेत, वर २४ जाती (पोकळ आक्षेप) आणि २२ निग्रहस्थानं (वादात हरल्याच्या खुणा). आजकालच्या याद्या तर शंभरी ओलांडतात. पण यादी पाठ असलेल्या माणसाशी वाद घालून बघा. तुमचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो त्यावर नावाची चिठ्ठी डकवतो आणि विजयी मुद्रेने बघत बसतो. चूक नेमकी कुठे आहे, ती दुरुस्त केली तर मुद्दा उभा राहील का, यात त्याला रस नसतो.

म्हणून हा लेख यादीचा नाही. हाताशी ठेवण्याची एक पद्धत आहे, ती पायरीपायरीने सांगतो. नावं वाटेत येतील तेवढी येतील.

पायरी १: गिळलेलं वाक्य बाहेर काढा

कुठल्याही युक्तिवादात किमान तीन गोष्टी असतात. काय सिद्ध करायचं आहे, त्यासाठी दिलेलं कारण, आणि त्या कारणावरून या निष्कर्षापर्यंत जायला मुभा देणारा नियम. पहिल्या दोन बोलल्या जातात. तिसरी बहुतेक वेळा गिळलेली असते, आणि घोळ बहुतांशी तिथेच असतो.

नैयायिक, म्हणजे न्यायपरंपरेतले तर्कपंडित, दुसऱ्याला अनुमान पटवताना पाच अवयव मागतात: प्रतिज्ञा (डोंगरावर अग्नी आहे), हेतू (कारण तिथे धूर आहे), उदाहरण (जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात), उपनय (या डोंगरावर तसाच धूर आहे) आणि निगमन (म्हणून डोंगरावर अग्नी आहे). यातला तिसरा अवयव सोन्याचा आहे. तो बोलणाऱ्याला व्याप्ती, म्हणजे मधला नियम, उघड सांगायला लावतो.

आपणही तेच करायचं. कागद घ्या आणि ‘जिथे जिथे… तिथे तिथे…’ किंवा ‘जो जो… तो तो…’ अशा साच्यात ते वाक्य लिहा. समजा कुणी म्हणालं, “हा लेखक कधी शिक्षक नव्हता, त्यामुळे अभ्यासक्रमाबद्दलचं त्याचं म्हणणं चुकीचं आहे.” मधलं वाक्य असं होतं: ‘जो जो शिक्षक नाही, त्याचं अभ्यासक्रमाबद्दलचं प्रत्येक म्हणणं चुकीचं असतं.’ लिहिल्याबरोबर ते लंगडतं. पालक, विद्यार्थी, अभ्यासक्रम आखणारे तज्ज्ञ, सगळेच त्यात बाद होतात.

इथे एक पथ्य पाळा. समोरच्याचं वाक्य मुद्दाम वेडगळ करून लिहू नका. त्याच्या बाजूने सगळ्यात सौम्य रूप शोधा: ‘ज्याने शिकवलेलं नाही, त्याला वर्गातल्या अडचणी कमी ठाऊक असण्याची शक्यता असते.’ हे बरंच पटण्यासारखं आहे. पण मग निष्कर्षही सौम्य करावा लागतो: त्याच्या सूचना वर्गात चालतील का, हे शिक्षकांकडून तपासून घ्यावं. तीव्र निष्कर्ष आणि सौम्य नियम अशी जोडी करणं, ही मी सर्वांत जास्त पाहिलेली लबाडी आहे. कित्येकदा ती करणाऱ्यालाही कळत नाही.

पायरी २: दिशा तपासा

नियम सापडला की पुढचा प्रश्न: तो कुठल्या दिशेने लागू आहे? ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे मान्य. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे त्यातून निघत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो, हे नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण. धूर यायला अग्नीबरोबर ओलं सरपणही लागतं. ही जादा अट न बघता उलटं अनुमान केलं की फसलंच.

रोजच्या बोलण्यात ही उलटापालट अशी होते: “मोठे शोध लावणारी माणसं विक्षिप्त होती. मीही विक्षिप्त आहे.” किंवा: “तो गुन्हेगार असता तर चौकशीत घाबरला असता. तो घाबरला, म्हणजे गुन्हेगारच.” निर्दोष माणूसही चौकशीत घाबरतो, हे कुणी विचारातच घेत नाही. आपली ‘खाई त्याला खवखवे’ ही म्हणसुद्धा याच खड्ड्यात ढकलते. आरोप नाकारणाऱ्याला खवखवतंय असं म्हटलं की बिचारा बोलला तरी दोषी आणि गप्प राहिला तरी दोषी.

स्वतःला पारखायचं असेल तर मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचं १९६६ मधलं कोडं सोडवा. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला वरून दिसतात: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे ठरवायला कमीत कमी कोणते पत्ते उलटाल?

बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम अंकामागे स्वरच असतो असं नियमाने म्हटलेलं नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम खोटा ठरतो. ‘माझं म्हणणं खोटं ठरवू शकेल असा पत्ता कोणता?’ हा प्रश्न सुचायला अवघड असतो. शेवटच्या पायरीत तो पुन्हा लागणार आहे.

पायरी ३: माणूस बाजूला काढा, पण आंधळेपणाने नाही

वादात मुद्दा सोडून माणसावर घसरणं सगळ्यांना ओळखू येतं. ‘तू कोण सांगणार’, ‘तू तरी कुठे पाळतोस’ ही त्याची दोन ठळक रूपं. धूम्रपान करणारा डॉक्टर धूम्रपान वाईट म्हणत असेल तर तो दांभिक असेल, पण त्यामुळे तंबाखू निरुपद्रवी होत नाही.

तरीही ‘माणसाबद्दल बोललं की तर्कदोष’ हा नियम मी मानत नाही. सांगणारा पुरावा देतोय की स्वतःची साक्ष देतोय, यावर सगळं अवलंबून आहे. गणिताची सिद्धता कुणीही मांडो, ती कागदावर तपासता येते. पण “मी डोळ्यांनी पाहिलं” असं कुणी म्हणत असेल, तर तो खोटं बोलतो का, त्याचा यात फायदा आहे का, हे विचारणं रास्त आहे. तज्ज्ञांच्या शब्दाचंही तसंच. आपण सगळंच स्वतः तपासू शकत नाही, म्हणून तज्ज्ञाचा शब्द मानणं शहाणपणाचं असतं. त्यासाठी तीन गोष्टी बघा: विषय त्याच्याच क्षेत्रातला आहे का, त्या क्षेत्रातल्या बहुतेकांचं मत तेच आहे का, आणि विचारल्यावर तो पुरावा दाखवू शकतो का. पोटाचे अल्सर मुख्यतः ताणामुळे आणि आम्लामुळे होतात असं डॉक्टर मानत असताना डॉक्टर बॅरी मार्शल यांनी, खरं कारण जिवाणू आहे हे दाखवायला, १९८४ मध्ये जिवाणू असलेलं द्रावण स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. मार्शल आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. ही गोष्ट तज्ज्ञांना झिडकारायला वापरली जाते, पण मार्शलही तज्ज्ञच होते आणि त्यांनी प्रस्थापित मताविरुद्ध पुरावा आणला होता. नुसतं ‘सगळे चूक, मी बरोबर’ म्हटलं नव्हतं.

याच पायरीवर आणखी एक तपासा: समोरचा जे म्हणाला त्यालाच उत्तर दिलं जातंय ना? साप साप म्हणून भुई धोपटणं हा वादातला आवडता खेळ आहे. “परीक्षेची पद्धत बदलू या” या सूचनेला “म्हणजे तुम्हाला परीक्षाच नको आहेत” असं उत्तर आलं, की जो साप नाहीच तो मारला जातो. यावर एकच उपाय मी पाहिला आहे. उत्तर देण्याआधी “तुमचं म्हणणं असं आहे ना?” असं विचारून होकार घेणं. वेळ जातो, पण निम्मे वाद तिथेच मिटतात.

शब्दांचे दुहेरी अर्थ हाही याचाच भाऊ. न्यायपरंपरेत वाक्छलाचं उदाहरण आहे (संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि नऊही): कुणी ‘नवकंबल’ म्हणजे नवं कांबळं असलेला म्हणतो, आणि दुसरा ‘नऊ कांबळी कुठे आहेत?’ विचारतो. आज हे ‘स्वातंत्र्य’, ‘नैसर्गिक’, ‘सिद्धांत’ अशा शब्दांबाबत चालतं. शब्द युक्तिवादाच्या सुरुवातीला एका अर्थाने आणि शेवटी दुसऱ्याच अर्थाने येतो. तिथे शब्द खोडून त्या जागी पूर्ण वर्णन लिहा, सांधा लगेच उघडा पडतो.

पायरी ४: ‘नंतर’ आणि ‘मुळे’ वेगळे करा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपल्याला माहीत असतं. संस्कृतात काकतालीय न्याय आहेच. पण म्हण माहीत असूनही आपण रोज कावळ्याला जबाबदार धरतो, कारण फांदी आधीच किडली होती हे आपल्याला दिसलेलं नसतं.

दोन गोष्टी एकत्र घडताना दिसल्या की चार शक्यता लिहून काढा. पहिलीमुळे दुसरी झाली. दुसरीमुळे पहिली झाली. दोन्ही तिसऱ्याच कशामुळे झाल्या. किंवा निव्वळ योगायोग. जिथे अग्निशमन दलाच्या गाड्या जास्त येतात तिथे नुकसान जास्त होतं, हे खरं आहे. गाड्या नुकसान करत नाहीत, आग मोठी असते म्हणून दोन्ही वाढतात.

पाचवी शक्यता बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून तिथे जरा थांबतो. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शिकवत असताना, शाबासकीने शिक्षेपेक्षा जास्त फायदा होतो असं म्हणाले. एका अनुभवी प्रशिक्षकाने ते साफ नाकारलं. वैमानिकाने हवेत छान कसरत केल्यावर कौतुक केलं की पुढची कसरत बिघडते, वाईट केल्यावर झापलं की पुढची सुधारते, हा त्याचा अनुभव होता. अनुभव खोटा नव्हता. पण प्रत्येक कसरतीत कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो. अतिशय छान कसरतीत नशीब बाजूने असतं, अतिशय वाईटात विरुद्ध. पुढच्या खेपेला नशीब बहुधा मध्यावर येतं, म्हणून छान कसरतीनंतरची जरा कमी छान आणि वाईटानंतरची जरा कमी वाईट होते. प्रशिक्षक काही बोलला नसता तरी हेच दिसलं असतं. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये पालकांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं: खूप उंच पालकांची मुलं सरासरीने उंच असतात, पण पालकांइतकी नाही.

याची व्यवहारातली किंमत मोठी आहे. आजार सगळ्यात बळावलेला असतो तेव्हाच आपण नवा उपाय करून बघतो, आणि संघ सतत हरत असतो तेव्हाच प्रशिक्षक बदलतो. नंतर थोडं बरं वाटणारच होतं. उपायाला गुण द्यायचा असेल तर तशाच अवस्थेतल्या, पण उपाय न केलेल्यांचं काय झालं, ते विचारा. उत्तर नसेल तर ‘माहीत नाही’ हाच प्रामाणिक निष्कर्ष.

पायरी ५: जे दिसत नाही ते मोजा

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळी शितं एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. नमुन्याबाबत ही अट पाळली गेली का, हे कुणी विचारत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांतल्या २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत झालं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते दूरध्वनी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात या दोन्ही गोष्टी सगळ्यांकडे नव्हत्या. शिवाय उत्तर पाठवणाऱ्यांत नाराज लोक जास्त होते. नमुना प्रचंड होता, तरी वाकडाच होता.

दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठाच्या सांख्यिकी गटात संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वॉल्ड यांच्यासमोर उलटा प्रश्न होता: विमानांना जादा संरक्षण कुठे द्यावं? परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत हे दिसत होतं. पण जी परत आली नाहीत त्यांना गोळ्या कुठे लागल्या असतील? परतलेल्यांच्या ज्या भागावर खुणा कमी, तिथे लागलेली विमानं परतलीच नसण्याची शक्यता जास्त. यशस्वी माणसांच्या सवयी वाचताना हे आठवा. त्याच सवयी असूनही अपयशी ठरलेल्यांवर कुणी लेख लिहीत नाही.

न दिसणारी तिसरी गोष्ट म्हणजे मूळ प्रमाण. १०० पैकी १ जणाला असणाऱ्या आजाराची चाचणी आहे. आजारी १०० पैकी ९० जणांना ती पकडते, आणि निरोगी १०० पैकी ९ जणांना चुकून आजारी ठरवते. तुमची चाचणी सकारात्मक आली. आजार असण्याची शक्यता किती? टक्केवारी सोडा, माणसं मोजा. १०,००० लोक घ्या. आजारी १००, त्यांतले ९० पकडले गेले. निरोगी ९,९००, त्यांतले ८९१ चुकून पकडले गेले. एकूण सकारात्मक ९८१, खरे आजारी ९०. म्हणजे सुमारे ९ टक्के. बहुतेकांचा अंदाज ९० च्या आसपास असतो.

हा खेळ नाही. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये दोन तान्ही मुलं दगावलेल्या एका आईवर खुनाचा खटला चालला. एका घरात असे दोन आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत १ आहे, असं न्यायालयात सांगितलं गेलं. एका मृत्यूची शक्यता ८,५४३ त १ धरून हा आकडा ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून काढला होता, जणू एकाच घरातल्या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंधच नाही. आनुवंशिकता आणि परिस्थिती समान असल्याने तसं मानता येत नाही. दुसरी चूक जास्त खोल होती. आईने दोन मुलांना मारणं हेही अतिशय दुर्मिळच. तुलना या दोन दुर्मिळ गोष्टींची करायला हवी होती. एकाच बाजूचं दुर्मिळपण दाखवून निष्कर्ष काढला गेला. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली. मुख्य कारण समोर न आणलेला वैद्यकीय पुरावा हे होतं, पण न्यायालयाने या आकड्यावरही टीका केली.

पायरी ६: ठरलेले सापळे झटपट बघा

इथे फार रेंगाळायची गरज नाही, एकेक प्रश्न पुरतो.

‘एक तर हे, नाही तर ते’ असं म्हटलं गेलं की विचारा: तिसरा पर्याय का नाही? ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो’ या धाटणीचा मुद्दा आला की प्रत्येक टप्पा वेगळा लिहा. घसरण खरीच होऊ शकते, पण मधल्या प्रत्येक पायरीला कारण हवं. पाच टप्पे असतील आणि प्रत्येकाची शक्यता निम्मी असेल, तर शेवट गाठण्याची शक्यता ३२ त १ आहे.

‘इतकं घातलंय, आता कसं सोडायचं?’ यावर प्रश्न: आज कोरी पाटी असती तर हेच निवडलं असतं का? ब्रिटन आणि फ्रान्सने १९६२ मध्ये काँकॉर्ड विमानाचा करार केला, खर्च अंदाजाच्या कित्येक पट गेला, तरी प्रकल्प चालूच राहिला. या चुकीला पुढे काँकॉर्डचंच नाव पडलं.

‘आता तरी नशीब पालटेल’ यावर प्रश्न: नाण्याला किंवा चक्राला मागचं आठवतं का? १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या जुगारघरात रूलेटच्या फिरत्या चक्रावर काळा रंग सलग २६ वेळा आला. आता लालच येणार म्हणून लोक पैसे लावत राहिले आणि बुडत राहिले.

निष्कर्षच कारणाच्या वेशात आला असेल तर (न्यायात आत्माश्रय, किंवा दोघांनी एकमेकांना टेकू दिला तर अन्योन्याश्रय), कारणाचं कारण विचारत जा. दोन-तीन प्रश्नांत माणूस निघाला तिथेच परत येतो.

पायरी ७: हीच कात्री स्वतःला लावा

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मुद्द्यांनाही लागू आहे. नावडत्या निष्कर्षाला आपण विचारतो, ‘हे मानणं भाग आहे का?’ आवडत्याला विचारतो, ‘हे मानायला हरकत आहे का?’ दोन प्रश्नांची कसोटी सारखी नाही, आणि दोन्हीत आपण जिंकतो.

वेसन यांनी १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे तीन अंक दिले आणि म्हटलं, यात एक नियम आहे. तुम्ही तुमचे त्रिकूट सांगा, ते नियमात बसतं का ते मी सांगतो, खात्री झाली की नियम सांगा. लोक ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ सांगत, होकार मिळवत, आणि ‘दोनने वाढणारे अंक’ असं ठामपणे जाहीर करत. नियम फक्त ‘चढत्या क्रमाने’ एवढाच होता. १, २, ५० विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण स्वतःचं म्हणणं मोडेल असं त्रिकूट विचारायचं मनात येत नव्हतं.

यावर इच्छाशक्ती चालत नाही, कागद चालतो. महत्त्वाचं मत बनवण्याआधी तारीख घालून लिहा: काय दिसलं तर मी हे मत सोडेन? नंतर लिहाल तर पुरावा बघून अट हलवाल. उत्तर ‘काहीही दिसलं तरी नाही’ असेल, तर त्या विषयावर तुम्ही तर्क करत नाही आहात, बाजू घेत आहात. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला तर्क म्हणू नका.

समोरच्याला सांगायचं कसं

दोषाचं नाव घेऊ नका. “हा तर चक्राकार युक्तिवाद” म्हटलं की पुढची वीस मिनिटं तो चक्राकार आहे की नाही यावर जातात. त्याऐवजी गिळलेलं वाक्य त्याच्यासमोर ठेवा: “तुमच्या म्हणण्याचा अर्थ जिथे जिथे असं, तिथे तिथे तसं, असा आहे का?” बहुतेक माणसं स्वतःच म्हणतात, “नाही, तसं नाही, पण…” आणि त्या ‘पण’नंतरचं ऐकण्यासारखं असतं.

नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार केले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता दुसऱ्याचं पाडण्यासाठी वितंडा. समोर वितंडा चालली असेल तर वरच्या सातही पायऱ्या व्यर्थ आहेत. तिथून उठावं.

आणि युक्तिवाद मोडला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. “माझे आजोबा रोज चालायचे आणि नव्वद वर्षं जगले, म्हणून चालणं चांगलं” यातलं कारण कच्चं आहे. चालणं तरीही चांगलंच आहे. अशा वेळी नियम खोडा, निष्कर्षापुढे ‘अजून सिद्ध व्हायचंय’ असं लिहा, आणि दुसरं कारण शोधा.